नंबर प्लेट न वाचता गाडी ओळखताना

एका चौकातील कॅमेऱ्याने टिपलेली गाडी पुढच्या चौकातील कॅमेऱ्यात पुन्हा ओळखायची, तर नंबर प्लेट वाचली की काम झाले, असे सहज वाटते. प्रत्यक्षात रहदारीवर नजर ठेवणारे कितीतरी कॅमेरे उंचावर आणि दूर बसवलेले असतात. त्यांच्या चित्रात प्लेट आली तरी अक्षरे पुसट होतात आणि रात्री हेडलाइटच्या झगझगाटात तीही दिसेनाशी होते. म्हणून गाडीच्या रूपावरूनच तिची ओळख पटवणे, हा गेला काही काळ माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

या विषयात 'वेरी-७७६' हा चित्रसंग्रह सर्रास वापरला जातो. चीनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या या संग्रहात सुमारे १ चौरस किलोमीटर परिसरातील २० कॅमेऱ्यांनी टिपलेल्या ७७६ गाड्यांची जवळपास ५०,००० चित्रे आहेत. ती चाळताना अडचण लगेच ध्यानात येते: एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या मागून हुबेहूब दिसतात, उलट एकाच गाडीच्या समोरच्या आणि मागच्या चित्रांत रंगाखेरीज फारसे काही जुळत नाही.

रेझनेट-५० सारखे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणक प्रणाली, प्रत्येक चित्राचे २०४८ आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करते. ट्रिप्लेट लॉस ही पद्धत वापरून त्याला शिकवताना तीन चित्रे एकत्र दिली जातात: एक मूळ, दुसरे त्याच गाडीचे आणि तिसरे वेगळ्या गाडीचे. पहिल्या दोहोंच्या आकड्यांतील अंतर कमी व्हावे आणि तिसरे दूर जावे, असा हा खटाटोप असतो. खरी मेख आहे ती तिसरे चित्र निवडण्यात. पांढऱ्या कारसमोर लाल ट्रक ठेवला, तर नेटवर्क रंगावरच भागवते. त्याच मॉडेलची दुसरी पांढरी कार ठेवली, की मगच त्याला काचेच्या कोपऱ्यातील स्टिकर, बंपरला पडलेला पोचा किंवा टपावरचे कॅरिअर यांकडे पाहावे लागते.

तरीही नुसत्या रूपावर विसंबणे मला पटत नाही. शोरूममधून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन सारख्या गाड्यांत दिसण्याजोगा फरकच नसेल, तर नेटवर्क कितीही मोठे केले तरी तो कुठून आणणार? तिथे रस्त्याचीच साक्ष काढावी लागते, कारण २ किलोमीटर दूरच्या चौकात १० सेकंदांत दिसलेली गाडी तीच असणे शक्य नाही. अमेरिकेतील एका शहराच्या १० चौकांतील ४० कॅमेऱ्यांचे चित्रण असलेला, २०१९ चा 'सिटीफ्लो' हा संग्रह मला याचसाठी मोलाचा वाटतो. त्यातील चित्रफितींच्या वेळा जुळवलेल्या असल्याने रूप, वेळ आणि अंतर यांचा मेळ तपासून पाहता येतो.