फोटो खरा, कॅप्शन थाप
सकाळपासून फॅमिली ग्रुपवर तो लोंबत्या नाकाचा गुलाबी मासा फिरतोय, 'त्सुनामीत किनाऱ्याला लागला, लगेच शेअर करा'. आमच्या आप्पांनी तर रंकाळ्यावर फिरायला आलेल्या निम्म्या लोकांना मोबाईल काढून दाखवला. म्हटलं आप्पा, फोटो एडिट केलेला नाही, पण त्सुनामी आली २००४ ला आणि ह्यो फोटो २००३ चा, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संशोधन मोहिमेत जहाजावर काढलेला. ब्लॉबफिश म्हणत्यात त्याला. हजार मीटर खाली पाण्याचा दाबच एवढा असतोय की तिथं ते बेनं चारचौघांसारखा मासाच दिसतंय, जाळ्यातनं वर ओढलं की मग त्याचं असं पिठलं होतंय. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला की 😂

तसलाच दुसरा, सैनिकांनी रांगेत उभं राहून धरलेला लांबलचक 'मेकाँग नदीतला नाग'. तो ओरफिश हाय, समुद्रातला, फोटो १९९६ चा, कॅलिफोर्नियातला.

एआयचा संशय आला तर मी आधी माणसांची बोटं बघतो, मग इमेज सर्च. पण साइजला लई जण फसत्यात, शेजारी मापाला काही नसतंयच. जानेवारी २०२५ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटाजवळ वर आलेला तो खोल समुद्रातला काळा दातवाला अँगलरफिश व्हिडिओत म्हशीएवढा वाटला, असेल किती? मुठीत मावेल एवढा!