पदराखालचा हेडफोन

लातूरला औसा रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या वर, माझा एका खोलीचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. खोली एकच असल्यामुळे गाणारा माणूस, माइक, संगणक आणि मी असे सगळे त्याच चार भिंतींत असतो. मधे काच नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना स्पीकर लावता येत नाही आणि जे ऐकायचे ते दोघांनाही हेडफोनवरच ऐकावे लागते. हेडफोन कोणता हवा याचा मी तोवर फक्त स्वतःच्या कानापुरता विचार केला होता. गाणाऱ्याच्या कानाचा आणि त्याच्या तोंडासमोरच्या माइकचा विचार करायची वेळ गेल्या वैशाखात आली.

त्या दिवशी तुळजापूरकडच्या एका गावातून आराधी मंडळी आली होती. गाणारी बाई साठीच्या पुढची. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. सोबत झांज वाजवणारी तिची जाऊ, संबळवाला, तुणतुणेवाला आणि लातूरलाच खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पुतण्या. देवीची चार गाणी ध्वनिमुद्रित करायची होती आणि संध्याकाळची सहाची एसटी गाठायची होती. एवढ्याशा खोलीत संबळ आणि गळा एका वेळी घेतला तर संबळच सगळी खोली खाऊन टाकतो, म्हणून आधी वाद्ये घ्यायची, मग वाजवणाऱ्यांना जिन्यात बसवायचे आणि मावशींनी हेडफोनवर वाद्ये ऐकत एकटीने गायचे असे ठरवले.

माझ्याकडे गायकांसाठी ठेवलेला बंद पाठीचा हेडफोन त्याच सकाळी डाव्या बाजूने गेला. पिनेजवळ वायर तुटली होती. उरला तो मिक्सिंगसाठी घेतलेला उघड्या पाठीचा. एका दिवसाचे काम आहे, भागून जाईल, असे म्हणून मी तोच मावशींच्या डोक्यावर चढवला. मावशी एकदम खूश. बंद हेडफोन घातला की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो आणि पाचव्या मिनिटाला तो एक कान मोकळा करतो; इथे तशी काहीच तक्रार नव्हती. "कानावर काही हाय असं वाटंनाच की," असे म्हणून त्यांनी पंखा बंद असलेल्या त्या खोलीत दुपारी साडेबारापर्यंत चारही गाणी म्हणून टाकली.

चहा झाल्यावर पुतण्याने एक साधी सूचना केली. तिसऱ्या गाण्याचे पहिले कडवे संबळाविना ठेवावे, नुसते तुणतुणे आणि आवाज, आणि मग संबळ यावा. कल्पना चांगली होती. मी संबळाचा ट्रॅक बंद करून गाणे सुरू केले, आणि संबळ वाजतच राहिला. लांबच्या वाड्यात कुणाकडे तरी गोंधळ घातला असावा तसा, बारीक, पत्र्यावर टिचक्या मारल्यासारखा, पण ठोका न ठोका ओळखू येणारा.

"दादा, संबळ बंद केला ना?" पुतण्याने विचारले.

बंदच होता. मी बटण दोनदा दाबून पाहिले. मग मावशींचा ट्रॅक एकटा लावला, तेव्हा दोन ओळींच्या मधल्या श्वासाच्या जागेत संबळ, झांज सगळे हजर होते. हेडफोनमधून बाहेर पडलेला आवाज माइकने इमानेइतबारे टिपून ठेवला होता.

हेडफोनचा पडदा कानाकडे जेवढा आवाज ढकलतो, तेवढाच तो मागच्या बाजूलाही ढकलतो, फक्त उलट्या दिशेने. बंद पाठीच्या हेडफोनात हा मागचा आवाज कपातच अडवला जातो. उघड्या पाठीच्या हेडफोनात मागे जाळी असते आणि तो आवाज मोकळ्या हवेत सोडून दिला जातो. 1968 साली सेनहायझरने एचडी 414 हा पहिला उघडा हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून या मोकळेपणाचे ऐकणाऱ्यांना आकर्षण आहे. बंद कपात मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि सगळे गाणे डोक्याला चिकटल्यासारखे वाटते. जाळीतून तो निघून गेला की वाद्ये कानापासून थोडी लांब, आपापल्या जागी उभी राहिल्यासारखी वाटतात. यालाच आमच्या कामात साउंडस्टेज म्हणतात. म्हणजे मिक्सिंग करताना मला जी ऐसपैस जागा आवडत होती, तिची बरीचशी किंमत मी गळतीच्या रूपाने मोजत होतो. रात्री एकटाच बसून काम करत असल्यामुळे ती जाणवत नव्हती, इतकेच.

माझा माइक समोरचे जास्त आणि मागचे कमी घेणारा आहे, त्याचा तरी उपयोग व्हायला हवा होता, असे कुणी म्हणेल. पण गाणाऱ्याचे कान त्याच्या तोंडाच्या मागे वीतभर अंतरावरच असतात, आणि माइकने तोंडाकडे पाहायचे म्हटले की दोन्ही कान त्याच्या नजरेत येतातच.

आधी मी जुनी युक्ती करून पाहिली. मावशींना पुन्हा त्याच जागी, तोच हेडफोन घालून, एक शब्दही न बोलता उभे केले, वाद्ये पहिल्याइतक्याच आवाजात सोडली आणि गळणारा आवाज तेवढा वेगळा टिपला. तो उलटा करून मूळ ट्रॅकमध्ये मिसळला, तर तत्त्वतः गळती गळतीला खोडते. संबळ थोडा उतरला, झांज मात्र ढिम्म हलली नाही. गाताना मावशींची मान डोलत होती आणि गप्प उभ्या असताना त्या खांबासारख्या ताठ होत्या. झांजेच्या बारीक लहरींसाठी दोन बोटांचा फरकही पुरेसा असतो. गाणी पुन्हा म्हणावी लागणार हे उघड झाले. मी तसे सांगून माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "देवीला अजून ऐकायचं आसंल, त्यात काय."

खालच्या दुकानातल्या मिस्त्रीने मोटारीची वायर बाजूला ठेवून माझ्या बंद हेडफोनची पीन पाच मिनिटांत डाग देऊन जोडून दिली. वर आल्यावर मी आधी एक मोजमाप केले. माइकपासून वीतभर अंतरावर आधी उघडा आणि मग बंद हेडफोन माझ्याच डोक्यावर ठेवून तेच गाणे सारख्याच आवाजात लावले, तर बंद हेडफोनच्या वेळी मीटरची पट्टी वीसेक डेसिबल खाली राहिली. निश्चिंत होऊन तो मावशींना दिला आणि पहिलीच ओळ टिपून ऐकली. संबळ पुन्हा होताच! पूर्वीइतका नाही, पण होता.

आता मात्र मी हेडफोन सोडून मावशींकडे पाहिले. डोक्यावर पदर होता आणि हेडफोन पदरावरून बसवलेला होता. लुगड्याच्या काठाची जाड घडी कानाखालून जात होती आणि तिथे गादी आणि मान यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट राहिली होती. त्या फटीने दुहेरी काम केले होते. बंद हेडफोनात खर्जाचा आवाज गादी कानाभोवती नीट बसली तरच टिकतो. फट पडली की सगळ्यात आधी तोच पळतो. म्हणून मावशी मघापासून म्हणत होत्या, "संबळाचा घुमारा गेला कुठं? वाढीव जरा." आणि मी वाढवत होतो. जितका वाढवला तितका उरलेला, बारीक आवाज फटीतून माइककडे जात होता.

पदर खाली घ्या असे म्हणायला माझी जीभ रेटेना. जावेने भीत भीत सुचवले तर मावशी तिच्यावरच उखडल्या: "डोईवरचा पदर खाली घेऊन देवीचं म्हणू व्हय?" लग्नाची शूटिंग घेणाऱ्या, समोरच्या गाळ्यातल्या मित्राकडून मी मऊ मखमली गाद्यांचा दुसरा बंद हेडफोन आणून पाहिला. घडीवरून तो थोडा बरा बसला, पण घडी ती घडीच.

तोडगा मावशींनीच काढला. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, जावेने पदर सैल केला, हेडफोन थेट कानांवर बसवला, कुड्या गादीच्या आत मोकळ्या राहतील एवढा मागे सरकवला आणि वरून पदर पुन्हा ओढून घेतला. काठाखाली दोन्ही बाजूंना फुगवटे दिसत होते. "आता बोल," त्या म्हणाल्या. मी संबळ निम्म्यावर आणला तरी त्यांना घुमारा पुरेसा ऐकू येत होता. झांज तर मी त्यांच्या कानातून जवळजवळ काढूनच टाकली, कारण ताल धरायला तिची गरज नव्हती आणि तीच सगळ्यात जास्त गळते. स्वतःचा आवाज कोंडतो ही तक्रार आलीच, तेव्हा माइकमधला त्यांचा आवाज थोडा त्यांच्या कानात सोडला. या टेकमध्ये ओळींच्या मधे फक्त श्वास होता, आणि एका जागी बांगड्या.

दुसऱ्यांदा गाणी चालली होती तेव्हा जिन्यात बसून कंटाळलेला पुतण्या मधल्या सुट्टीत विचारू लागला की त्याने स्वतःसाठी कोणता घ्यावा. खोलीत तिघे राहतात, दोघे पहाटेपर्यंत वाचत असतात आणि याला गाणी ऐसपैस ऐकायची आहेत. मी त्याला जे सांगितले ते असे, की गोंगाट रद्द करणारी यंत्रणा पाहून फसू नको, ती बाहेरचा आवाज तुझ्यापर्यंत येऊ देत नाही, पण तुझा आवाज मित्रापर्यंत जाण्याशी तिचा संबंध नाही. सेनहायझर एचडी 800 सारखा उघडा हेडफोन साउंडस्टेजच्या रुंदीसाठी जगभर नावाजलेला आहे, पण खोलीतल्या तिघांनाही तेच गाणे ऐकावे लागेल. त्याच कंपनीने 2018 साली एचडी 820 मध्ये पाठीला वक्र काच बसवून मागचा आवाज जिरवण्याची खटपट केली, पण त्याच्या किमतीत आपल्याकडे बरी दुचाकी येते. एकेजी के 240 सारखे अर्धउघडे मधला मार्ग काढतात, तरी शांत खोलीत ते ऐकू जातातच. त्याच्यासाठी मला बायरडायनॅमिकच्या डीटी 770 प्रोसारखा, बंद पाठीचा पण मोठ्या कपांचा हेडफोन योग्य वाटला. पूर्ण कान आत मावला, पडदा कानापासून थोडा दूर राहिला आणि कानाच्या पाळीला आवाज वळवायला जागा मिळाली, की बंद कपातही बऱ्यापैकी मोकळे वाटते. शिवाय चष्मा लावूनच घालून पाहा, असे बजावले. चष्म्याची काडी म्हणजे त्याचा पदरच.

उरलेली रुंदी कोणत्याही हेडफोनला देता येत नाही. समोर स्पीकर असले की डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी उशिराने पोचतो आणि त्या उशिरावरून मेंदू जागा ठरवतो. हेडफोनवर डाव्याचे डाव्यालाच मिळते. हे ओळखून बेंजामिन बाउअर या अभियंत्याने 1961 मध्येच दोन्ही बाजूंचा आवाज थोडा एकमेकांत सोडण्याची योजना मांडली होती. ही सोय आज फोनवरच्या काही अ‍ॅपमध्येही मिळते, हे ऐकून पुतण्याचा खर्चाचा अंदाज बराच खाली आला.

सव्वापाचला चौथे गाणे संपले. एसटीला वेळ होता म्हणून मी सकाळचा उघडा हेडफोन मावशींना घालून सकाळी चाचणीसाठी गच्चीवर घेतलेले एक ध्वनिमुद्रण ऐकवले. सतरा सेंटिमीटर अंतरावर, एकमेकांपासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवलेले दोन माइक आणि त्यांच्याभोवती सगळी मंडळी अर्धवर्तुळात उभी, असे ते होते. मावशींनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी डावा हात उचलून खांद्याच्या बाहेर, रिकाम्या हवेत दाखवला. "जाऊबाई हितं हाय."

जाऊ दारात चपला घालत होती.

"मग एवढं ब्येस हाय तर दुपारी काहून काढून घेतलं?" मावशींनी डोळे उघडून विचारले. मी दार उघडे ठेवून हेडफोन टेबलावर ठेवला, गाणे चालूच ठेवले आणि त्यांना जिन्यापर्यंत नेले. तिथे उभे राहून आम्ही दोघांनी ऐकले. खाली मिस्त्रीची मोटार थांबली, तेव्हा टेबलावरची झांज जिन्यात स्पष्ट येत होती.