पतंगाच्या अंड्यात मावणारे आयुष्य

ऊस आणि कपाशीच्या पट्ट्यात ट्रायकोकार्ड, म्हणजे किडींच्या अंड्यांतच वाढून त्यांचा नाश करणारे ट्रायकोग्रामा कीटक ज्यावर असतात ते कार्ड, हे नाव आता नवे राहिलेले नाही. तरीही ते वापरणारे अनेक जण त्याकडे औषधाची पुडी म्हणून पाहतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. कार्डावरचा तो काळसर थर म्हणजे हजारो जिवंत कीटकांची एक अख्खी पिढी असते आणि ती कोणत्या दिवशी कोणत्या अवस्थेत आहे हे ज्याला कळते, त्यालाच तिचा खरा उपयोग होतो. म्हणून ट्रायकोग्रामा किलोनिस या परोपजीवी कीटकाचे जीवनचक्र येथे सविस्तर मांडत आहे.

मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्या ज्या गणात मोडतात, त्याच गणातला हा कीटक. मात्र त्याची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि माणसाला त्याच्यापासून काहीही त्रास नसतो. उसावरची खोडकीड असो वा कपाशीवरची बोंडअळी, तिच्या पतंगाने पानावर अंडी घातली की ट्रायकोग्रामाची मादी ती शोधून काढते. अंडे सापडताच ती त्यावर चढते आणि मिशांनी ठोकत ठोकत त्याच्या पृष्ठभागावरून चालू लागते. हे चालणे निरर्थक नसते. याच वंशातील मिनुटम या जातीच्या अभ्यासात असे दिसून आले आहे की, अंड्यावरून पहिल्यांदा पलीकडे जाण्यास लागलेल्या वेळावरून मादी अंड्याचा आकार जोखते आणि आपली किती अंडी आत घालायची हे त्यावरून ठरवते. डोळ्यांना धड न दिसणाऱ्या जिवाजवळ असे मोजमाप असावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

त्यानंतर ती अंडनलिकेने कवचाला छिद्र पाडते आणि आत आपले अंडे सोडते. त्याबरोबर जाणाऱ्या विषारी द्रवामुळे पतंगाच्या गर्भाची वाढ थांबते. फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो, त्यामुळे संततीचे लिंगही मादीच ठरवते. येथे काळाचे बंधन मात्र कडक असते. पतंगाचे अंडे ताजे असेल तरच ते तिच्या उपयोगाचे असते. आतल्या अळीचे डोके तयार होऊन कठीण झाले की संधी गेलीच. एकदाच सोडलेले कीटक पुरत नाहीत आणि ठरावीक दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा कार्डे लावावी लागतात, त्याचे कारण हेच.

साधारण एका दिवसात ट्रायकोग्रामाची अळी बाहेर पडते. तिला पाय नसतात, ती जणू एक पिशवीच असते, आणि अंड्यातील बलक ती झपाट्याने गिळून टाकते. तिसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कवचाच्या आतल्या बाजूस काळे कण जमा होतात आणि पांढरट अंडे काळे पडते. कार्डाचा रंग बदलतो तो यामुळे. पुढे कोषावस्था येते आणि महाराष्ट्रातल्या नेहमीच्या हवामानात आठ ते दहा दिवसांत प्रौढ कीटक कवचाला गोल भोक पाडून बाहेर येतो. भिंगाखाली कार्ड धरले, तर ही भोके, रिकामी काळी टरफले आणि त्यांच्यावरून लगबगीने फिरणारे तांबड्या डोळ्यांचे पिवळसर जीव अगदी स्पष्ट दिसतात. नर सहसा आधी बाहेर येतात, जवळपासच थांबतात आणि माद्या निघताच त्यांचा समागम होतो.

याच वंशातील ब्रासिकी या युरोपीय जातीचे वर्तन तर थक्क करणारे आहे. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराचा नर समागमाच्या वेळी मादीला एक गंधद्रव्य देतो, जेणेकरून इतर नर तिच्यापासून दूर राहावेत. ट्रायकोग्रामाची मादी नेमका तोच गंध ओळखते, त्या फुलपाखराच्या मादीच्या अंगावर चढते आणि तिने अंडी घातली की लगेच खाली उतरून त्या अंड्यांत आपली अंडी घालते. हे संशोधन 2005 साली प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळेत कार्ड तयार करताना कॉर्सिरा या तांदळावरील पतंगाची अंडी वापरतात. ती चिकटवल्यावर अतिनील किरणांखाली धरतात, जेणेकरून त्यांतून कॉर्सिराच्या अळ्या निघून उरलेली अंडी खाऊन टाकू नयेत. एका कार्डावर सुमारे 20,000 अंडी मावतात. कीटक बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूस टाचाव्यात. उशीर झाला तर कीटक पाकिटातच बाहेर येतात. फार आधी लावले तर मुंग्या अंडी पळवतात. प्रौढ कीटक काही दिवसच जगतो, त्यामुळे कार्ड लावण्याच्या आधी आणि नंतर आठवडाभर तरी रासायनिक कीटकनाशक फवारणे म्हणजे विकत आणलेले कीटक स्वतःच्या हाताने मारणे होय. काम झाले की नाही हे पाहायचे असेल, तर चार-पाच दिवसांनी पिकाची पाने उलटून पतंगाची अंडी शोधावीत. काळी पडलेली अंडी बहुसंख्येने दिसली, तर फवारणीचा पंप तसाच राहू द्यावा.