पांढरं बेडं

मार्चमधल्या एका वादळी रात्री आमच्या परसातलं लाकडी कुंपण झोपलं. सगळं नव्हे. एक आठ फुटी भाग शेजारच्या बाईंच्या हिरवळीवर पालथा पडला आणि बाकीचे रात्रीच्या एसटीतल्या प्रवाशांसारखे एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून राहिले. सकाळी जाऊन एक खांब हलवून पाहिला. वरून ठणठणीत, पण माती संपून हवा सुरू होते तिथे चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखा. बोट लावलं तर पेरभर आत गेलं.

न्यू जर्सीतलं हे घर घेतलं तेव्हा कुंपण आयतंच मिळालं होतं. दर दोन-तीन वर्षांनी त्याला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावायचा असतो, असं आधीचा मालक किल्ल्या देताना बजावून गेला होता. आठ वर्षांत आम्ही तो एकदा लावला. तोही दीड बाजूला. उरलेला डबा अजून गराजमध्ये आहे. त्यामुळे नवीन कुंपण कसलं घ्यायचं यावर घरात फारशी चर्चा झालीच नाही. नवरा पुण्याचा, त्याला कुंपण म्हणजे भिंत एवढंच ठाऊक. पण विटांच्या भिंतीचा इथला खर्च ऐकून तोही गप्प झाला. ज्याला काही करावं लागत नाही असलं कुंपण हवं, यावर आमचं लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या पटकन एकमत झालं.

असलं कुंपण म्हणजे विनाइल. इथल्या निम्म्या गल्लीला तेच आहे, पांढरंशुभ्र, दातांच्या जाहिरातीसारखं. नमुना घेऊन आलेल्या माणसाने पिशवीतून हातभर पट्टी काढली, हातोडीने तीवर दोन घाव घातले आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी हातात घेतली. आतून पोकळ, मध्ये दोन पडदे. पीव्हीसीच ते, आपल्या नळाच्या पाइपाचा गोरा चुलतभाऊ. उन्हाने पिवळं पडून तडकू नये म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. रंग वरून फासलेला नसतो, अंगातच असतो, त्यामुळे खरचटलं तरी आत पांढरंच. बोलताना तो सारखा 'मेंटेनन्स-फ्री' म्हणत होता. छापील कागदावर मात्र 'लो-मेंटेनन्स' होतं. आणि खाली ठळक अक्षरांत लाइफटाइम वॉरंटी.

जूनच्या सुरुवातीला आंबा संपवून आणि आगोटीची खरेदी आईवर सोपवून बाबा सिंधुदुर्गातल्या शिरोड्याहून इकडे आले होते. त्यांना मी हे वाचून दाखवलं.

"लाइफटाइम कोणाचो?" बाबांनी विचारलं. "माझो, तुझो की ह्या कुंपणाचो?"

मी कागद पुन्हा वाचला. प्रश्न बरोबर होता. मूळ खरेदीदार त्या घराचा मालक असेपर्यंतचं ते आयुष्य होतं. घर विकलं की कुंपणाचं वय एकदम बदलतं.

"हंय गुरां येतत?"

गुरं नाहीत, हरणं येतात, असं मी म्हटलं. आमच्या दाराशी लावलेलं काहीही हरणं शेंड्यापर्यंत साफ करतात. पण सहा फुटांचं कुंपण हरीण मनात आणलं तर सहज ओलांडतं आणि सहा फुटांच्या वर टाउनशिप, म्हणजे इथली नगरपालिका, परवानगी देत नाही. पुढच्या अंगणात तर चारच फूट. मग कुंपण कशाला, हे बाबांनी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. खरं कारण सांगायला मला लाज वाटली. मागच्या डेकवर सकाळी चहा पिताना, केस न विंचरलेल्या अवस्थेत, पलीकडच्या माणसाकडे बघून हसावं लागू नये, एवढंच आहे ते. इथे नजरानजर झाली की 'कसे आहात' विचारावंच लागतं आणि 'छान' म्हणावंच लागतं. सकाळी सातला माझ्याच्याने छान होत नाही.

परवानगीच्या अर्जात एक कलम होतं ज्यावर मी बराच वेळ रेंगाळले. कुंपणाची चांगली बाजू शेजाऱ्याकडे असावी. लाकडी कुंपणाला पाठ आणि पोट असतं. एका बाजूने सरळ फळ्या दिसतात, दुसऱ्या बाजूने आडव्या दांड्या आणि खिळे, म्हणजे कुंपणाच्या बरगड्या. पैसे तुम्ही द्यायचे आणि बरगड्याही तुम्हीच बघायच्या, असा हा नियम. आठ वर्षं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या बघत होते आणि शेजारच्या बाईंना माझ्याच कुंपणाचा देखणा चेहरा दिसत होता, हे मला त्या दिवशी कळलं. विनाइलला हा प्रश्नच नाही, कारण त्याला पाठच नाही. दोन्हीकडून सारखंच. तटस्थ माणसासारखं, आपण त्याच्या पुढे उभे आहोत की मागे हे कळू न देणारं.

खणण्याआधी ८११ या नंबरावर फोन करावा लागतो. मग गॅस, वीज, पाणीवाले येऊन आपापल्या नळ्या आणि वायरी जमिनीखाली कुठून गेल्यात त्याच्या खुणा गवतावर रंगाने मारून जातात. गॅस पिवळा, वीज लाल, पाणी निळं, फोन-केबल नारिंगी. बाबांना हा प्रकार फार आवडला. शिमगा चार महिने उशिरा आला म्हणाले, आणि आपण रोज कशाकशावर चालतो ते बघत संध्याकाळभर परसात फिरत राहिले.

पीव्हीसीच्या वजनातलं सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं आणि ते मिठापासून काढतात, हे मला कुठेतरी वाचलेलं आठवलं. बाबांना सांगितलं. शिरोड्याच्या माणसाला मिठाचं काही सांगावं लागत नाही. १९३० साली दांडीनंतर मिठाचा सत्याग्रह याच गावच्या मिठागरातही झाला. बाबांनी पट्टीचा तुकडा नाकाशी नेऊन वास घेतला, मग चाटून पाहिला आणि मान हलवली. हा पदार्थ जमिनीत सहजी कुजत नाही, आमच्या कचऱ्याच्या गाडीवाले तो रिसायकलिंगमध्येही घेत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. लाकूड कुजलं म्हणून मी विनाइलकडे गेले. विनाइल कुजत नाही ही त्याच्याबद्दलची तक्रार आता मी कुठल्या तोंडाने करणार?

जुलैत माणसं आली. खांबांसाठी तीन-तीन फुटांचे खड्डे, कारण थंडीत जमीन जेवढी गोठते त्याच्या खाली पाया जायला हवा. नाहीतर गोठलेलं पाणी फुगून खांबाला दर हिवाळ्यात थोडं थोडं उचलतं. खड्ड्यात काँक्रीट, काँक्रीटमध्ये पोकळ पांढरे खांब. बाबा खुर्ची घेऊन समोरच बसले होते, भर उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळून. दुपारी मी सरबत घेऊन गेले तर ते उठून एका खांबाला हात लावून उभे.

"काय गो, ह्यां बेडांच मा?"

मी बघितलं आणि मलाही दिसलं. खांबाच्या अंगाला वर एक, खाली एक अशी भोकं पाडलेली. त्यांत आडवी पट्टी या खांबातून त्या खांबात सरकवायची. खिळा नाही, स्क्रू नाही. आमच्या घराकडे पाणंदीतून आत येताना दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचा गडगा आहे आणि गडगा जिथे तुटतो तिथे दोन खांब. खांबांना समोरासमोर भोकं आणि त्यांत आडवे सरकवलेले तीन बांबू. ते बेडं. माणूस आला की वरचे दोन बांबू एका बाजूला ढकलतो, तिसरा ओलांडतो आणि वळून बांबू परत सारतो. गुराला ते जमत नाही. लहानपणी शाळेतून येताना माझ्या अंगावर ते काम असायचं आणि बांबू परत न सारल्याबद्दल मी जेवढा ओरडा खाल्ला तेवढा गणितासाठीही खाल्ला नाही.

बसवणाऱ्या माणसाने बाबांना खुणेने दाखवलं की पट्टी भोकात घट्ट बसवायची नसते. आठ फुटी पट्टी कडक थंडीत आणि कडक उन्हात मिळून पाव इंचभर आखडते-फुगते, तेवढी जागा आत सोडावी लागते. बाबांनी पटल्यासारखी मान हलवली. बांबूही वाळला की ढिला होतो आणि पावसात फुगतो, भोक नेहमी एक बोट मोठं ठेवावं, असं त्यांनी त्याला मालवणीत सांगितलं. त्यानेही मान हलवली.

मग बाबांनी बसवलेली पट्टी दोन्ही हातांनी धरून आमच्याकडच्या बेड्यासारखी बाजूला ढकलून पाहिली. ती थोडी सरकली आणि अडली. त्यांनी पुन्हा जोर लावला. तेव्हा त्या माणसाने न बसवलेल्या एका पट्टीचं टोक त्यांच्यापुढे धरलं. टोकाला दोन्ही बाजूंनी चिमटीने उचकटलेले नखाएवढे कान होते. आत जाताना दबतात, आत गेल्यावर उघडतात आणि मग पट्टी बाहेर येत नाही.

बाबांनी त्या कानावरून अंगठा फिरवला. "मगे ह्यां बेडां न्हय," म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

आता सव्वा वर्ष होऊन गेलं. कुंपणाला मी काही केलेलं नाही असं म्हणता येत नाही. उत्तरेकडच्या बाजूला ऊन लागत नाही, तिथे हिरवं बुरशीसारखं धरतं. ते व्हिनेगर आणि पाणी लावून मऊ ब्रशने घासावं लागतं. गवत कापणाऱ्याच्या यंत्राची दोरी लागून खाली एक टवका उडाला आहे. नवऱ्याला त्याची शेगडी हातभर पुढे ओढायला लावली आहे, कारण तापलं की हे वितळतं. थंडीत रात्री पट्ट्या आखडताना खांबात टक्‌ असा आवाज येतो. पहिल्या वेळी मी दिवा लावून खाली गेले होते. सकाळचा चहा मात्र मी केस न विंचरता पिते.

खांबांवर पिरॅमिडच्या आकाराच्या टोप्या बसवतात. एक जास्तीची उरली होती, ती बाबांनी डिसेंबरात परत जाताना बॅगेत घातली. आता ती शिरोड्याला बेड्याच्या डाव्या खांबावर आहे. खांब जांभ्याचा, वेडावाकडा, त्यावर ही चौकोनी पांढरी टोपी, जरा तिरकी. पावसाळा सरल्यावर बाबांनी फोटो पाठवला तेव्हा टोपी पार हिरवी झाली होती, खालच्या दगडाइतकीच. मी फोनवर त्यांना व्हिनेगरचं सांगितलं. हो म्हणाले. दिवाळीतल्या फोटोत अजून हिरवीच आहे.