चिऱ्याची भिंत आणि ६२ एमबी

मालवण, जूनमधला शनिवार. रात्रीचे ११.४०.

लाईट गेलीय. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त दिवे आणि पंखे. राउटर नाही, खोलीतला प्लगही नाही. म्हणून खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला पडवीत बसून हे वहीत लिहितेय. लॅपटॉपची बॅटरी आता पुरवून वापरायची आहे.

काम एवढंच होतं: एका संस्थेच्या अहवालाची तपासलेली मुद्रितं, ६२ एमबीची एक पीडीएफ, आज रात्रीच पाठवायची. फोनवर ‘वायफाय आहे ना?’ असं विचारूनच खोली घेतली होती. आहे की. वायफाय आहे, फक्त ते मालकांच्या गल्ल्यावर आहे आणि मी वरच्या मजल्यावर, मागच्या कोपऱ्यात.

संध्याकाळी लॅपटॉपवर हॉटेलची दोन नावं दिसली. एकाच्या शेपटीला ‘५जी’. हावरटासारखं मी तेच धरलं. त्याचा मोबाइलच्या फाइव्हजीशी काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ. वेग जास्त, पण भिंत आली की दम लागतो. इथे तर चिऱ्याच्या जाड भिंती, त्यात पावसाने भिजलेल्या. २.४ चं साधं नाव धरलं तेव्हा कुठे दोन काड्या आल्या.

मग ते पान. खोली क्रमांक आणि मोबाइल नंबर टाकायचं पान उघडेचना. मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद, किल्ल्यावर होड्या जात नाहीत, अख्ख्या हॉटेलात गिऱ्हाईक मी एकटी. तरी खोली क्रमांक सांगितल्याशिवाय इंटरनेट नाही! तासभर डोकं आपटलं. वायफाय बंद-चालू केलं, ब्राउझर बदलला, ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी खाजगी जोडणी) बंद केलं. शेवटी आठवलं, की घरचं नेट रडत होतं तेव्हा मीच डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरच्या) जागी हाताने गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवला होता. नोंदणी होईपर्यंत पत्ता विचारायला हॉटेलच्या राउटरकडेच जावं लागतं, आणि माझा लॅपटॉप परस्पर बाहेर विचारायला निघालेला. ते ‘ऑटोमॅटिक’ केलं आणि ‘एस’ नसलेला, नुसत्या एचटीटीपीचा एक पत्ता टाकला. पान हजर. (एचटीटीपीएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, पत्त्यावर राउटरने मध्येच आपलं पान पुढे केलं तर ब्राउझर ते खोटं म्हणून अडवतो. बरोबरच आहे म्हणा.)

१८ एमबी गेले आणि लाईट गेली.

खाली आले तर मालक म्हणाले, “रूमात रेंज नाय गावाची. खळ्यात येवा.” आले. फोनचा हॉटस्पॉट लावला, रेंज झकास. पण लॅपटॉपला वाटलं हे घरचंच वायफाय, आणि त्याने गुपचूप अपडेट उतरवायला घेतले. हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून वापरायचा, अशी खूण करायची असते, हे मी दुसऱ्यांना सांगत फिरते. माझा आजचा दीड जीबी पावणेअकरालाच संपला. आता वेग ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला: ६२ एमबीला दोन तासांहून जास्त, आणि बॅटरी ३४ टक्के. त्यापेक्षा बारा वाजू देत, नवा डेटा मिळेल.

मालकांनी सोलकढीचा पेला आणून ठेवलाय. बिचारे माझ्यापायी जागे आहेत. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायला एक वायर पुरेल, हे त्यांना सकाळी सांगेन. आत्ता सांगितलं तर आत्ताच स्टूल घेऊन चढतील.

फोन त्यांच्या सांगण्यावरून समुद्राकडे तोंड करून ठेवलाय. टॉवर तिकडेच आहे म्हणाले. समुद्रात कसला टॉवर, ते विचारलं नाही.