शेवटच्या भागात काहीच घडत नाही, तरी तोच का आवडतो?

‘द पिट’ ही अमेरिकी रुग्णालय-मालिका आवडणारं आणि इमर्जन्सी विभागातलं काम आतून माहीत असलेलं कुणी भेटलं की त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. गोळीबारातले जखमी तर आधीच्या भागांत येऊन गेलेले असतात, पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात नुसती आवराआवर आहे, मग तुम्हाला तोच सगळ्यात चांगला का वाटतो? आणि लगेच दुसरा प्रश्न: त्यात दाखवलेलं खरं किती? तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देते, कारण मला तो भाग आवडतो तो त्याच्या खरेपणामुळेच. मालिका पाहिली नसेल तर पुढे सगळं उघड होणार आहे, हे आधीच सांगते.

आठवण म्हणून थोडक्यात. पिट्सबर्गमधल्या इमर्जन्सी विभागाची एकच पाळी, पंधरा भाग, प्रत्येक भाग म्हणजे पाळीतला एक तास. शेवटचा भाग १० एप्रिल २०२५ला आला, त्यातला तास रात्री नऊचा. डॉक्टर रॉबीचं काम करणारा नोआ वाइली म्हणजे १९९४ला सुरू झालेल्या ‘ईआर’ या रुग्णालय-मालिकेतला जॉन कार्टर. संगीत महोत्सवात गोळीबार होतो, जखमींची रीघ लागते, ती ओसरते, आणि उरलेल्या माणसांवर शेवटचा भाग उभा राहतो.

आवराआवरीचं वजन कळायला आधीची धावपळ कशी चालते ते माहीत हवं. एकदम खूप जखमी आले की सर्वांना सर्व काही देता येत नाही, म्हणून दारातच निवड होते. मालिकेत मनगटावर रंगीत पट्ट्या बसवतात. प्रत्यक्षात अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी ‘स्टार्ट’ पद्धत तीन तपासण्यांवर चालते. जो चालू शकतो तो हिरवा. जो चालू शकत नाही त्याचा श्वास मिनिटाला ३०च्या वर असेल तर लाल, म्हणजे सर्वांत आधी. मनगटाची नाडी लागत नसेल, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर लाल. साधी सूचना पाळता येत नसेल तरी लाल. यातलं काहीच नसेल तर पिवळा, म्हणजे थांबू शकणारा. आणि श्वासमार्ग मोकळा करूनही जो श्वास घेत नाही, त्याच्यावर अशा वेळी छातीदाब सुरूच करत नाहीत. एरवी ज्याच्यासाठी सहा जण पलंगाभोवती धावले असते, त्याला बाजूला ठेवायचं. या कामातला सर्वांत क्रूर नियम हाच.

रॉबी नेमका हाच नियम मोडतो. जेक त्याला मुलासारखा, आणि त्या जेकच्या मैत्रिणीला, लियाला, छातीत गोळी लागलेली असते. तिच्यावर तो थांबायला हवं त्याच्या पुढेही प्रयत्न करत राहतो. तरी ती जातेच. नंतर मुलांच्या खोलीत, जिथे आता मृतदेह ठेवलेत, तो कोसळतो. शेवटचा भाग याच खोलीपाशी परत येतो.

रक्ताबद्दल एक तक्रार नोंदवते. साठा संपत आल्यावर कर्मचारी स्वतःचं रक्त देतात, डॉक्टर ॲबट तर पिशवी पायाला बांधून काम करत राहतो. दृश्य जबरदस्त आहे. पण दात्याचं ताजं रक्त थेट रुग्णाला चढवणं ही मुळात सैन्यातली पद्धत, तीही आधीपासून तपासून ठेवलेल्या दात्यांची. शहरातल्या रुग्णालयात चाचण्या न झालेली पिशवी अशी चढवत नाहीत. ॲबट पूर्वी सैन्यात होता, म्हणून लेखकांनी ते त्याच्या हातून करवलं असावं, आणि तेवढी मोकळीक मी त्यांना देते. शिवाय एक पिशवी देणं म्हणजे साधारण ४५० मिलिलिटर रक्त कमी होणं. त्यानंतर लगेच धावपळ केली तर घेरी येऊन दाताच रुग्ण होतो. शिकाऊ डॉक्टर सँटोस रक्तस्राव थांबवायला मांडीच्या धमनीतून महाधमनीत फुगा चढवते, तेही तंत्र खरं आहे. जोखीम मात्र फुगा फुगल्यावर सुरू होते: त्याच्या खालच्या सगळ्या अवयवांचं रक्त बंद झालेलं असतं. फुगा छातीच्या पातळीवर असेल तर अर्ध्या तासाच्या आत रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर हवा.

आता शेवटच्या भागाचा गाभा: गोवर झालेला मुलगा. लस न दिलेला, अंगावर पुरळ, श्वासाचा त्रास, त्यात मेंदूवर परिणाम झाल्याची शंका. इतक्या गोळ्या लागलेल्या माणसांनंतर सीझनचा उत्कर्षबिंदू म्हणून लेखकांनी एक सुई आणि एक संमती निवडली, हा निर्णय मला विलक्षण धाडसाचा वाटतो.

तरुण डॉक्टर पुरळ पाहून अडखळतात, तेही अगदी बरोबर आहे. अमेरिकेत २००० साली गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतर शिकलेल्या अनेकांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला असतो. आधी ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे; मग गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके; आणि तीन-चार दिवसांनी केसांच्या रेषेपासून खाली उतरत जाणारं पुरळ. ठिपके दिसायची वेळ निघून गेली की ओळखणं अवघड होतं.

मालिका एका गोष्टीवरून फार घाईने पुढे जाते. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही खोलीच्या हवेत २ तासांपर्यंत राहू शकतो. संरक्षण नसलेल्या आणि जवळ आलेल्या १० जणांपैकी ९ जणांना लागण होते. पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत तो पसरतो. म्हणजे त्या रात्री प्रतीक्षाकक्षात बसलेल्या प्रत्येकाची यादी करावी लागणार, लस न घेतलेल्यांना ७२ तासांत लस, आणि तान्ही बाळं, गरोदर बाया, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना ६ दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. गोळीबाराच्या रात्री ही यादी करायला बसलेल्या नर्सवर एक अख्खा भाग झाला असता.

डॉक्टरांना शंका असते ती गोवरानंतर शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या आवरणावर चढवलेल्या हल्ल्याची. त्यावर उपचार म्हणजे शिरेतून स्टिरॉइडचा मोठा डोस. मिथाइलप्रेडनिसोलोन साधारणपणे वजनाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. पण मेंदूत जंतूंचा संसर्ग असेल आणि तो न ओळखता स्टिरॉइड दिलं, तर मुलाची तब्येत आणखी बिघडू शकते. दोन्हींतला फरक समजायला मणक्यातलं पाणी काढून तपासायचं. आई नेटवर वाचून आलेली असते आणि नाही म्हणते.

सुई मज्जारज्जूला लागेल ही भीती खरी असते, पण ती शरीररचनेच्या अज्ञानातून येते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याखाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत जाते, जिथे फक्त पाण्यात तरंगणाऱ्या नसा असतात आणि त्या सुईपासून बाजूला सरकतात. जागा शोधायला दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांचे वरचे काठ जोडणारी रेषा धरतात. मुलाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, बधिर करतात, आत बारीक सळई असलेली सुई घालतात. आवरण भेदल्याचं बोटांना जाणवतं. सळई काढली की थेंब थेंब पाणी येतं, ते तीन-चार नळ्यांत, प्रत्येकी साधारण १ मिलिलिटर, ओघळू द्यायचं. ओढून घ्यायचं नाही. सुई बाहेर काढण्याआधी सळई परत आत घालायची, त्याने नंतरची डोकेदुखी कमी होते.

बिघडतं ते बहुतेक वेळा सुईमुळे नाही, धरणाऱ्यामुळे. मुलगा वळवळला की पाठीचा बाक सुटतो, मणक्यांमधली फट बंद होते, सुई हाडावर आपटते किंवा छोटी शीर फुटून पाणी लाल येतं. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या नळीतल्या रक्तपेशी मोजून बघतात. शेवटच्या नळीत कमी झाल्या तर रक्त सुईचं. दुसरी चूक याहून गंभीर: मान फार वाकवली की श्वासमार्ग दाबला जातो, आणि गोवरात फुप्फुसं आधीच सुजलेली असू शकतात. धरणाऱ्या नर्सची नजर मुलाच्या चेहऱ्यावर आणि ऑक्सिजनच्या आकड्यावर हवी. मेंदूभोवतीचा दाब वाढल्याची लक्षणं असतील तर आधी स्कॅन.

इथे माझी दुसरी तक्रार. मालिका असं भासवते की पाणी काढलं नाही तर उपचारच अडून राहतील. प्रत्यक्षात इतक्या आजारी मुलाला अँटिबायोटिक आणि असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लगेच सुरू करतात. अडतं ते फक्त स्टिरॉइड. नाट्यासाठी हे गाळलं, आणि त्यामुळे आई आहे त्याहून जास्त दोषी दिसते. मला ते खटकतं.

मग रॉबी मुलाच्या वडिलांना त्या मुलांच्या खोलीत नेतो आणि लियाचा मृतदेह दाखवतो. शेवटी वडील संमती देतात. कायद्याने सर्वसाधारणपणे एका पालकाची संमती पुरते. पण वैद्यकीय नीतीच्या कसोटीवर रॉबीचं वागणं उभं राहत नाही. भीती दाखवून मिळवलेली संमती ही संमतीच नाही, आणि लियाचा देह तिच्या माणसांना न विचारता कुणा अनोळखी माणसाला दाखवायची वस्तू नव्हता. आणि तरीही हा प्रसंग लिहिणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण पंधरा तास न बसलेला, काही वेळापूर्वीच कोसळलेला माणूस असाच घसरतो. त्याच्या हातात चाकू स्थिर असतो आणि तारतम्य सुटलेलं असतं. थकव्याची ही खूण पडद्यावर इतकी नेमकी क्वचित येते. जुन्या मालिकांत थकवा म्हणजे डोळ्यांखाली काळं.

याच कारणाने रॉबीचं त्याच्या हाताखालच्या डॉक्टर लँग्डनशी होणारं भांडणही पटतं. लँग्डनने विभागातली औषधं चोरलेली असतात, आणि ती मी स्वतःच हळूहळू सोडत होतो असं तो म्हणतो. बेंझोडायझेपिन गटातली, म्हणजे मेंदू शांत करणारी औषधं एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात, त्यामुळे डोस उतरवतच सोडायची हे खरं. पण ते दुसऱ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. अमेरिकेत अशा डॉक्टरांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहेत: आधी उपचार, मग बहुधा पाच वर्षं अचानक बोलावून लघवीच्या चाचण्या. रॉबी त्याला तोच रस्ता दाखवतो, आणि लँग्डन उलट त्याच्या कोसळण्यावर बोट ठेवतो. दोघांचंही म्हणणं खरं आहे. रुग्णाच्या वाट्याचं लोराझेपाम, म्हणजे याच गटातलं औषध, मात्र दुसऱ्याच्या पोटात गेलेलं असतं, आणि ते मला विसरता येत नाही.

छतावरच्या प्रसंगाबद्दल बरेच जण विचारतात. पहिल्या भागात कठड्यापलीकडे ॲबट होता, शेवटच्या भागात रॉबी. जे मला आवडलं ते हे की ॲबट उपदेश करत नाही, तो त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो. नंतर सगळे बागेत बसतात आणि ॲबटचा कृत्रिम पाय पहिल्यांदा दिसतो. जखमींची रीघ लागली तेव्हा तो त्याच पायावर उभा होता, हे प्रेक्षकाला स्वतःच जोडावं लागतं. पार्श्वसंगीत जवळपास नसल्यामुळे कुठे रडायचं हे कुणी सांगत नाही.

आणि हृदय बंद पडलेला प्रत्येक जण इथे उठून बसत नाही. १९९६मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात ‘ईआर’सह तीन कार्यक्रमांतले असे ६० प्रसंग मोजले होते. त्यात ७५ टक्के रुग्ण त्या वेळी वाचलेले दिसले. प्रत्यक्षात रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी घरी परतणारे साधारण दहात एक. नातेवाईक पडद्यावरचा आकडा मनात धरून आमच्यासमोर उभे राहतात, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरा सीझन दहा महिन्यांनंतरच्या ४ जुलैला घडतो, आणि त्या दिवशी लँग्डन कामावर परततो. तो बघण्याआधी पहिल्या सीझनचा शेवटचा भाग पुन्हा लावलात, तर लँग्डनच्या भांडणातलं रॉबीचं प्रत्येक वाक्य नीट ऐका.