भाकरी संपल्यावर

वडिलांच्या आजारपणात मी जितकी प्रार्थना केली, तितकी त्याआधी कधीच केली नव्हती. आमचे घराणे मूळचे अहमदनगरकडचे. वडील नोकरीनिमित्त वास्कोला आले आणि आम्ही इथलेच झालो. त्या तीन महिन्यांत मी रविवारची एकही उपासना चुकवली नाही, उपवास धरले, कॅथलिक शेजाऱ्यांबरोबर जुन्या गोव्याला जाऊन मेणबत्तीही लावली. वडील गेले, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी चर्चची पायरी चढलो नाही.

त्या वर्षात बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय मला फार टोचला. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवर पाच हजार पुरुष जेवले, बारा टोपल्या तुकडे उरले, आणि दुसऱ्या दिवशी तोच जमाव होड्यांत बसून येशूला शोधत कफर्णहूमला पोहोचला. इतक्या लांबून आलेल्या लोकांचे कौतुक करावे, तर तो त्यांना सांगतो की तुम्ही चिन्हे पाहिलीत म्हणून नव्हे, तर पोटभर भाकरी खाल्लीत म्हणून मला शोधता. पुढे तो स्वतःविषयी कठीण बोलू लागतो, तेव्हा पुष्कळ शिष्य माघारी फिरतात. त्या फिरणाऱ्यांत मी स्वतःला ओळखले. माझी भक्ती खोटी नव्हती, पण तिला एक अट होती, आणि ती अट मला वडील जाईपर्यंत दिसली नव्हती. बायबलमधल्याच ईयोब नावाच्या देवभक्ताच्या पुस्तकात सैतान देवाला हेच विचारतो: ईयोब काय फुकट तुझे भय बाळगतो?

वास्कोहून पणजीकडे जाताना सांकवाळ लागते. संत जोजे वाझ यांचे घराणे या गावचे. त्यांचा जन्म 1651 मध्ये बाणावलीला, आजोळी झाला. सुखवस्तू घरातल्या या तरुण पाद्रीने 1677 मध्ये सांकवाळच्या चर्चमध्ये मरियेला आपले दास्यपत्र लिहून दिले. एरवी आपण नवस बोलतो तो काहीतरी मागून. इथे माणूस स्वतःलाच देऊन टाकत होता. पुढे 1687 मध्ये, डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातलेली असताना, ते मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरले. कँडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकले गेले; 1697 च्या देवीच्या साथीत, लोक आजाऱ्यांना सोडून पळत असताना, त्यांनी त्या आजाऱ्यांची शुश्रूषा केली. 1711 मध्ये ते तिथेच वारले, गोव्याला परतलेच नाहीत. यात त्यांचा लाभ कुठे होता, हे मी पुष्कळदा शोधून पाहिले.

याचा अर्थ मागूच नये असा मी घेत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितलेली आहे, आणि आईच्या गुडघ्यांसाठी मी आजही रोज मागतो. प्रश्न न मिळाल्यानंतरचा आहे. जमाव पांगल्यावर येशू आपल्या जवळच्या बारा शिष्यांना विचारतो, तुम्हीही जाता काय? त्यांतला पेत्र मोठी ग्वाही देण्याआधी साधेच विचारतो: प्रभो, आम्ही कोणाकडे जाणार?

एका रविवारी मी परत गेलो, तेव्हा माझ्याजवळ तेवढेच वाक्य होते. आईने सरकून बाकावर जागा केली आणि गीतांचे पुस्तक दोघांच्या मधोमध धरले.